टेरेसवर दोडक्याची ताटी: वेलासाठी लाकडी पेटी घरच्या घरी कशी करायची

कोल्हापुरात आमच्या टेरेसवर आत्ता जी पेटी उभी आहे ती तिसरी. पहिल्या दोन कशा गेल्या ते सांगितल्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही म्हणून आधी तेच सांगते. पहिली प्लायवूडची, घरात कपाट करून तुकडा उरला होता, वाया कशाला घालवायचा म्हणून चार बाजू ठोकल्या आणि माती भरली, ऑगस्टपर्यंत त्याचे पापुद्रे सुटून नुसते पापड झाले. दुसरी मात्र सागवानाची, पैसे घालून, मेस्त्रींकडनं फळ्या कापून आणलेली, आणि ती पण दुसऱ्या पावसाळ्यात रात्री वारं सुटलं तसं दोडक्याच्या भरल्या वेलासकट कोसळली. सकाळी वर जाऊन बघते तर पेटी जागच्या जागी शाबूत, फक्त मागचे दोन उभे खांब मातीच्या बरोबर वरच्या रेघेला मोडलेले. मोडल्या जागी बोट घातलं तर लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं चुरत होतं.

मेस्त्री बघायला आले, खांबाचा तुकडा हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "वैनी, लाकूड पाण्यानं कुजत न्हाई, वाळू दिलं न्हाई की कुजतंय."

ही एकच गोष्ट धरून खालची सगळी पेटी केलीय. कुजवणारी बुरशी लागायला ओलावा पण लागतो आणि हवा पण, लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ती सहसा पाय पसरत नाही. मातीत गेलेल्या खांबाला नेमकं मातीच्या तोंडाशी दोन्ही मिळतं, खालनं ओल आणि वरनं हवा, म्हणून तो तिथंच मोडतो. तेव्हा ताटीचे (वेल चढायच्या चौकटीचे) खांब मातीत घालायचेच नाहीत, पेटीच्या बाहेरनं बोल्टनं धरायचे. खाली पाणी थांबू द्यायचं नाही. बाकी माप, रंग, आवड तुमची.

जागा आधी, लाकूड नंतर

मी सांगत्येय ती पेटी बाहेरून ३६ इंच लांब, १६ इंच रुंद, १५ इंच खोल, आणि वर पाच फूट ताटी. आत साधारण १०० लिटर माती बसते, आणि ती ओली झाली की लाकडासकट सव्वाशे किलोच्या आसपास वजन जातं. त्यामुळे टेरेसच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा बीम आहे त्या रेषेवर ठेवा. भरल्यावर ती तुमच्याच्यानं आणि शेजारच्या दोन पोरांच्यानं पण हलत नाही, म्हणून जागा आधी ठरवायची आणि पेटी तिथंच भरायची.

दिशेचं बघा. आपल्याकडं पावसाळ्यातलं वारं पश्चिमेकडनं येतं, म्हणून ताटीची रुंद बाजू पश्चिमेला केली की ती सरळ शिडासारखी वारं धरते. ताटी पूर्व-पश्चिम लांब ठेवायची, म्हणजे वाऱ्याला फक्त तिची कड लागते. आणि पेटी टेरेसच्या उत्तरेच्या कठड्याजवळ ठेवली तर हिवाळ्यात तिची सावली बाकीच्या कुंड्यांवर पडत नाही. मे ते ऑगस्ट सूर्य कोल्हापुरात जवळजवळ डोक्यावरच असतो (मे च्या पहिल्या आठवड्यात तर एक दिवस दुपारी सावलीच गायब होते), त्यामुळं पावसाळी वेलाला दिशेनं फारसा फरक पडत नाही, वाऱ्यानं पडतो. वळवाच्या पावसाचं वारं मात्र कुठनंही येतं, त्याला काय नियम नाही, त्याचं पुढं सांगते.

लाकूड कुठलं

सागवान चांगलं, पण सागवान म्हटलं की सगळं सागवान सारखं नसतं. मधलं गडद, तेलकट वाटणारं ते टिकतं, कडेचं पांढरट ते टिकत नाही, वाळवीला आवडतं. टिंबर मार्केटला गेलात तर फळीचं टोक बघून घ्या, पांढरा पट्टा जास्त असेल तर दुसरी काढायला लावा, ते जरा कुरकुर करतात पण देतात. बाभूळ मजबूत आणि टिकाऊ, पण इतकी टणक की घरातल्या ड्रिलचा जीव जातो. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, उघड्यावर घेऊ नका. निलगिरी वाळताना पिळते.

पैसे कमी असतील तर पॅकिंगचं पाइनवूड. कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशिनरी आलेल्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूड भंगारवाल्यांकडं मिळतं. त्याच्यावर जळलेल्यासारखा शिक्का असतो तो वाचा. इंग्रजीत एचटी असेल तर ते लाकूड फक्त तापवलेलं आहे (आतपर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं), ते चालतं. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते भाजीच्या पेटीला घ्यायचं नाही. पाइनची पेटी तेल लावत राहिलं तर दोन-तीन पावसाळे काढते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी तेच सांगेन, चुका होतात त्या स्वस्तात होऊ देत.

जुन्या घराची दारं-खिडक्या मिळाल्या तर लाकूड एक नंबर असतं, पण वरचा जुना रंग खरवडून त्याची धूळ करू नका. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याच्या आधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही. रंगवलेलं जुनं लाकूड फुलवेलाच्या पेटीला, तेही बाहेरच्या बाजूला, एवढंच.

कापून काय आणायचं

सगळं मिळून दोन घनफुटाच्या आत बसतं, वखारीत सीएफटी म्हणतात. करवत मारायची सवय नसेल तर तिथंच कापून आणि रंधा मारून घ्या, मशीनवर पंधरा मिनिटांचं काम. ही यादी मोबाईलवर फोटो काढून न्या:

१ इंच जाड, ५ इंच रुंद फळ्या: ३६ इंची ६ नग, १४ इंची ६ नग
तळासाठी त्याच फळ्या: १४ इंची ६ नग (या आत्ता कापू नका, थांबा)
२ बाय २ चे तुकडे: १७ इंची ४ नग, हे आतल्या कोपऱ्याला
२ बाय २ चे लांब खांब: ७५ इंची २ नग, हे ताटीचे
२ बाय १ ची रीप: ३० इंची २ नग, तळ पेलायला

तळाच्या फळ्या का थांबवायच्या, तर रंधा मारला की इंचाची फळी सहा-सात सूतच (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उरते आणि मग आतलं माप कागदावरच्यापेक्षा वेगळं येतं. दुसऱ्या पेटीच्या वेळी मी हुशारी करून सगळं एकदम कापून आणलं आणि तळाच्या सहाच्या सहा फळ्या आखूड पडल्या. सांगाडा झाल्यावर आत टेप लावायचा आणि मग कापायचं.

बाकी सामान: ८ नंबरचे २ इंची स्क्रू पाऊणशे तरी, शक्यतो स्टेनलेसचे. ते काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त असतात म्हणून कुणीही गळ्यात मारेल, ते एका पावसाळ्यात गंजतात आणि काढायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. ८ एमएमचे ६ इंची बोल्ट ४, प्रत्येकाला ३ वायसर (वॉशर) आणि १ नट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोल्टच्या दुकानात सुटे चार मागितले तरी देतात, तिथं तर आख्खी मशीन जुळवायचं सामान मिळतं, चार बोल्टांचं काय. अळशीचं तेल अर्धा-पाऊण लिटर. काथ्याची दोरी. आणि ड्रिल, ३ एमएम आणि ८ एमएमचं लांब बिट, गुण्या (काटकोन बघायचा), टेप, पाना.

जोडणी

आधी दोन आखूड बाजू. जमिनीवर दोन १७ इंची तुकडे ठेवा, त्यांच्यावर तीन १४ इंची फळ्या आडव्या, एकाखाली एक. तुकडे फळ्यांच्या टोकाला बरोबर जुळले पाहिजेत, आणि खाली दोन इंच बाहेर राहिले पाहिजेत, ते पेटीचे पाय. गुण्या लावून बघा. प्रत्येक फळीला प्रत्येक टोकाला दोन स्क्रू, पण आधी ३ एमएमनं भोक पाडूनच. भोक न पाडता स्क्रू मारला तर फळी टोकाला चिरते, आणि ती चीर पुढं पाणी पिते. स्क्रू एका रेषेत मारू नका, थोडे तिरपे मागंपुढं, कारण नंतर बोल्ट पण तिथनंच जाणार आहेत, त्याला जागा राहू दे.

मग दोन्ही आखूड बाजू समोरासमोर उभ्या करा आणि ३६ इंची फळ्या त्यांच्या कडा झाकतील अशा लावत चला. इथं दुसरा माणूस लागतोच, आमच्यात आत्तींनी धरलं, एका हातात फळी आणि तोंडानं "दोडका लागूपर्यंत मी ऱ्हातोय का बघूया." पहिली वरची फळी दोन्हीकडं एकेकच स्क्रूनं धरा. मग कर्ण मोजा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्हीकडनं. दोन्ही सारखे आले की पेटी काटकोनात. या मापाला तो ३९ इंच ३ सूतच्या आसपास येतो. एक सूत-दोन सूत फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्याला हातानं दाबलं की बसतं, मग उरलेले स्क्रू. हे न करता पुढं गेलं की तळाची एक पण फळी सरळ बसत नाही आणि मग माणूस फळीला शिव्या देतो.

तळासाठी लांब बाजूंच्या आतनं, खालच्या कडेला लागून, कोपऱ्याच्या तुकड्यांच्या मध्ये त्या दोन रिपा मारा. त्यांच्यावर तळाच्या सहा फळ्या आडव्या टाकायच्या. पहिली आणि शेवटची फळी कोपऱ्याच्या तुकड्यांना अडते, तिथं दोन बाय दोनची खाच काढावी लागते, दोन्ही टोकांना. सगळ्यांचं इथंच अडतं. करवतीनं दोन काप दिले की खाच पडते, पटाशी पण लागत नाही. मधे प्रत्येक दोन फळ्यांत पाऊण इंच फट सोडा. फट बघून घाबरू नका, माती पडत नाही, वर जाळी येणार आहे. मधल्या चार फळ्यांना स्क्रू पण मारू नका, नुसत्या बसवा, कुजली तर एकच बदलता येते.

ताटी

ताटी वेगळी करायची आणि वेगळीच राहू द्यायची. दोन ७५ इंची खांब जमिनीवर ठेवा, बाहेरच्या कडा ३४ इंचांवर, म्हणजे ते पेटीच्या मागच्या बाजूला आतल्या कोपऱ्याच्या तुकड्यांच्या बरोबर समोर येतील. खालचे १५ इंच मोकळे सोडा, तो भाग पेटीला चिकटणार. त्याच्या वर दर आठ इंचाला आडवी पट्टी. मी लाकडाच्या पट्ट्या नाही वापरल्या, बांबूच्या कामट्या वापरल्या, बुरुडाकडनं चिरून आणलेल्या, हलक्या आणि दोडक्याच्या तणाव्याला (वेलाला फुटणाऱ्या दोऱ्यासारख्या हाताला) धरायला बारीक. हा मुद्दा नवख्यांच्या ध्यानात येत नाही, दोडका, कारली, काकडी यांचे तणावे बारीक गोष्टीला विळखा घालतात, दोन इंची गुळगुळीत खांबाला ते धरतच नाहीत. घेवडा, गोकर्ण, मायाळू यांचं उलटं, ते अख्खं खोडच गुंडाळत जातात, त्यांना उभी दोरी पाहिजे. म्हणून आडव्या कामट्या आणि त्यातनं उभ्या काथ्याच्या दोऱ्या, सहा-सहा इंचावर, दोन्ही पाव्हण्यांची सोय. सुतळी नको, भर पावसात कुजून नेमकी फळ धरायच्या वेळेला तुटते. आणि ते हिरवं प्लॅस्टिकचं बारीक नेट लावू नका, हंगाम संपला की वाळका वेल त्यातनं सोडवता सोडवता माणूस पण वाळतो.

आता बोल्ट. ताटी पेटीच्या मागं उभी धरा, ओळंबा लावा (दोरीला नट बांधला तरी झालं), आणि खांब, फळी, आतला कोपरा या तिन्हीतनं आरपार ८ एमएमचं भोक. एका खांबाला दोन बोल्ट, एक पेटीच्या वरच्या कडेपासून तीन इंच खाली, दुसरा तळापासून तीन इंच वर. दोन बोल्टांत अंतर जेवढं जास्त तेवढी ताटी कमी डुलते. आणि खांब आणि फळी यांच्या मध्ये प्रत्येक बोल्टावर एक वायसर घाला. एवढ्याशा वायसरनं दीड-दोन एमएम फट पडते, त्यातनं हवा जाते आणि पाऊस गेला की दोन्ही लाकडं वाळतात. मेस्त्रींच्या वाक्याची किंमत इथं एक वायसर.

वरचं टोक भिंतीला बांधायचं. वळवाच्या पावसाचं वारं आलं की पाच फुटाची भरलेली ताटी पेटीला पण ओढते. कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीच्या पिलरला हूक ठोकून दोन्ही खांबांच्या शेंड्यातनं तार आणा, थोडी ढिली.

तेल

जोडणी झाल्यावर काचपेपर मारून अळशीचं तेल फडक्यानं, दोन हात, मध्ये दोन दिवस वाळवून, फळ्यांच्या कापलेल्या टोकांना तिसरा हात, कारण लाकूड पाणी पितं ते टोकानं. ज्या फडक्यानं तेल लावलं ते चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, अळशीचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. गॅरेजमधलं काळं ऑइल लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच, गोठ्याच्या दाराला लावा खुशाल, भाजीच्या पेटीला नको.

आतनं चारी बाजूंना प्लॅस्टिक, तळाला नाही. शेततळ्याच्या कागदाचा तुकडा गावाकडं कुणाकडंतरी पडलेला असतोच, तो जाड आणि चिवट. फ्लेक्स तर आपल्याकडं चौकाचौकात फुकट, आमच्या गोकर्णाच्या पेटीत आतनं एका भाऊंचा वाढदिवस साजरा होतोय, पण खायच्या वेलाला मी ते वापरत नाही. प्लॅस्टिक वरच्या कडेच्या एक इंच खाली संपवा. तळाला शेडनेटची दोन पदरी घडी.

माती आणि बी

नुसती काळी माती भरू नका, ऊन लागलं की भेगा आणि पाऊस लागला की चिखल, मुळं गुदमरतात. चार पाट्या लाल माती, तीन पाट्या कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, तीन पाट्या कोकोपीट, वर दोन ओंजळी निंबोळी पेंड. साखर कारखान्याच्या मळीचं (उसाच्या रसाचा गाळ, प्रेसमड) कुजवलेलं खत मिळालं तर शेणखताच्या जागी अर्धं ते. गुऱ्हाळावरचं चिपाड मात्र कच्चं घालू नका, ते कुजताना मातीतला नत्र स्वतःच खातं आणि वेल पिवळा पडतो, मी घातलंय, सांगते ते त्यामुळंच. वरनं दोन इंच मोकळं ठेवा, पाणी घालायला.

पेटी मे मध्ये करून ठेवावी, म्हणजे मिरग निघाला की (७-८ जून) बी टाकता येतं. दोडक्याचं बी रात्रभर भिजवून, इंचभर खोल, तीन-चार ठिकाणी टाका आणि उगवल्यावर तगडी दोनच रोपं ठेवा. शंभर लिटर मातीत दोनच. उपटताना जीव होत नाही खरं, पण चार ठेवली तर चारी उपाशी. घेवडा असेल तर पाच-सहा चालतील. मधुमालती, बोगनवेल या पेटीला लावू नका, दोन वर्षांत ताटी खाली आणि वेल वर असं होतं.

वेल वीतभर झाला की पहिल्या कामटीला काथ्यानं इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा, पुढं तो स्वतः चढतो. शेंड्याला पोचला की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं जास्त करून त्यांच्यावर येतात. सुरुवातीला सगळी नर फुलं येऊन गळतात, तेव्हा औषधं मारत बसू नका, मादी फूल मागनं येतं, त्याच्या देठाला आधीच बारकासा दोडका असतो त्यावरनं ओळखायचं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, कारल्याचं सकाळी लवकर. आमच्या टेरेसवर संध्याकाळी काय मधमाशी फिरत नाही, म्हणून दिवेलागणीला आत्ती वर जातात, एक नर फूल तोडतात, पाकळ्या मागं दुमडतात आणि सगळ्या मादी फुलांना त्याचं परागकण लावत फिरतात. पहिल्या वर्षी बारकी फळं पिवळी पडून गळायची ती याच्यामुळं थांबली.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला वेल संपतो. मग वेल मुळाशी कापा, दोऱ्या कापा, चार नट सोडा आणि ताटी उचलून भिंतीला टेकवून वाळवा, पेटी भरलेलीच राहू दे, तीत हिवाळ्यात मेथी टाका. खांबांच्या खालच्या टोकाला नखानं दाबून बघा, नख रुतत नसेल तर एक हात तेलाचा आणि परत बोल्ट. आमच्या या ताटीचे तीन पावसाळे झाले, गेल्या दिवाळीत दाबून बघितलं तर नखच दुखलं.